फौजी तोच किस्सा पुन्हा पुन्हा का सांगतो?

नागपूर-कामठी पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या ओळखीत एक तरी निवृत्त फौजी असतोच. कामठीची छावणी १८२१ची. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथेच आहे. इकडे वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. शिवाय पेन्शनवर आल्यावर गावाकडे न जाता, मुलांच्या शिक्षणासाठी इथेच प्लॉट घेऊन घर बांधलेले हवालदार आणि सुभेदार कितीतरी. त्यामुळे फौजी किस्से इथल्या लोकांना पाठ असतात. सियाचीनला अंडी दगडासारखी कशी झाली, दारूगोळा वाहणारं खेचर ऐन वेळी कसं अडून बसलं, नव्या लेफ्टनंट साहेबांची पहिल्याच गस्तीत कशी फजिती झाली.

ऐकणारे हसतात आणि सांगणाराही हसतो. पण घरच्यांनी एक गोष्ट केव्हाच टिपलेली असते. किस्सा दरवेळी एकाच जागी येऊन थांबतो. “रात्री दोनला आम्ही चढायला सुरुवात केली,” इथपर्यंत सगळं तपशीलवार येतं, बुटांच्या लेसपर्यंत. मग मुलगा विचारतो, “मंग काय झालं, बाबा?” आणि उत्तर येतं, “मंग काय, सकाळी वापस आलो.”

रात्री दोन ते सकाळ यामधलं काय झालं? हा लेख त्या मधल्या तासांबद्दल आहे. युद्ध पाहिलेला माणूस त्या तासांभोवती गोष्टी का विणतो, त्याचा त्याला काय उपयोग होतो, आणि “मन मोकळं करा, बरं वाटेल” हा आपला आवडता सल्ला इथे अर्धाच का लागू पडतो, ते पाहू.

आधी एक खुलासा. युद्ध पाहिलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं मुळीच नाही. बहुतेक सैनिक परत येतात, काही महिने झोप बिघडते, मग रुळतात. त्यांच्याकडेही आठवणी असतात, पण त्या आठवणी म्हणूनच राहतात. काही जणांच्या बाबतीत मात्र तसं होत नाही.

नोंद न झालेली रात्र

लढाईच्या काळात प्रत्येक पलटण वॉर डायरी लिहिते. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कोण जखमी, कोण गेलं. वर्षांनंतर कुणी ती उघडली तर त्याला कळतं की ही घटना अमुक दिवशी सुरू झाली आणि अमुक दिवशी संपली. आपला मेंदूही रोजच्या आयुष्याची अशीच डायरी ठेवत असतो. घटनेला जागा आणि वेळ बांधून देण्याचं काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. धोका ओळखून शरीराला सावध करण्याचं काम अमिग्डाला करतो.

जिवावर बेतलेल्या क्षणी अमिग्डालाचा जोर फार वाढतो, आणि वेळ-जागा बांधून ठेवणारी व्यवस्था मागे पडते. आठवण उमटते, उलट फार खोल उमटते, पण तुकड्यांत. जळालेल्या डिझेलचा वास. एक किंकाळी. हाताला लागलेला चिकटपणा. या तुकड्यांवर तारीख नसते. तुकडे नेमके किती सुटे असतात यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ही आठवण “तेव्हा” घडलेल्या गोष्टीसारखी न येता “आत्ता” घडत असल्यासारखी येते, हे जवळपास सगळेच मान्य करतात.

म्हणून दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला की साठीचा माणूस क्षणात भिंतीला टेकतो, आणि मग स्वतःवरच चिडतो. हा फटाका आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शरीराला मात्र ते कुणी सांगितलेलं नसतं. लग्नसराईत वरातीपुढची आतषबाजी सुरू झाली की काही जण “जरा पान खाऊन येतो” म्हणत निघून जातात. नातेवाईक म्हणतात, मिलिट्रीवाला आहे, जरा तिरसटच.

वैद्यकशास्त्राला हे समजायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’बद्दल लिहिलं. तेव्हा अनेकांना वाटलं की तोफगोळ्याच्या हादऱ्यानेच मेंदूला इजा होत असावी. जे तोफेच्या जवळही गेले नव्हते त्यांनाही तेच होऊ लागलं, तेव्हा तो तर्क गडबडला. आज आपण ज्याला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) म्हणतो त्या निदानाला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तिकेत १९८० साली जागा मिळाली. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा हात होता. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये ते आपापसांत गोल करून बसत आणि काय पाहिलं, काय केलं ते बोलत. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाईम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसले, पण बैठका सैनिकांच्याच होत्या. आधी गोष्टी सांगितल्या गेल्या आणि आजाराचं नाव मागाहून आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका डॉक्टरने गोष्टीत काय बदललं

गोष्ट सांगण्याने नेमकं काय होतं, हे समजायला शंभर वर्षांपूर्वीचं एक उदाहरण मला अजूनही सगळ्यांत स्वच्छ वाटतं. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथे ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी लष्करी रुग्णालय होतं. तिथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. त्या काळी रुग्णांना सर्रास सांगितलं जाई, “विसरून जा, त्याचा विचारच करू नका.” रिव्हर्स यांना दिसलं की जे दिवसा नेटाने विसरतात, त्यांना ते रात्री दुप्पट जोराने गाठतं. १९१७ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं मांडली.

त्यांच्या एका रुग्णाचा मित्र स्फोटात मारला गेला होता. हा अधिकारी त्याला शोधायला गेला आणि शरीराचे तुकडे झालेले पाहिले. रात्री स्वप्नात तोच मित्र त्या छिन्न अवस्थेत त्याच्याकडे येई, आणि हा घामाने थबथबून उठे. रिव्हर्स यांनी त्याला विसरायला सांगितलं नाही. ते त्याच्याशी त्याच प्रसंगावर बोलले आणि एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. शरीराची ही अवस्था झाली याचा अर्थ मृत्यू क्षणात आला. ज्या लांबलेल्या वेदना इतर जखमींच्या वाट्याला आल्या, त्या तुझ्या मित्राला भोगाव्या लागल्या नाहीत. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. पुढे काही रात्री स्वप्न आलंच नाही. मग एके रात्री आलं, पण वेगळं. स्वप्नात तो मित्राच्या देहाशेजारी गुडघ्यावर बसला होता आणि घरच्यांना पाठवायला त्याच्या वस्तू गोळा करत होता. प्रत्यक्षातही त्याने ते केलं होतं. मित्राचा पट्टा काढता काढता त्याला जाग आली. तो रडत होता, पण भीती नव्हती. फक्त दुःख होतं.

इथे एकही घटना बदललेली नाही. बदलला तो तिचा क्रम आणि भर. आधी आठवण एका दृश्यावर गोठलेली होती. आता त्या दृश्याला मागचं-पुढचं मिळालं: तो का गेला, काय पाहिलं, मग मित्रासाठी काय केलं. दहशतीची जागा शोकाने घेतली. शोक जड असतो, पण तो माणसाला पेलता येतो.

रिव्हर्स प्रामाणिक होते म्हणून दुसरंही उदाहरण त्यांनी लिहून ठेवलं. एका अधिकाऱ्याच्या अनुभवात दिलासा द्यावा असा एकही धागा त्यांना सापडला नाही. तो स्फोटाने फेकला जाऊन एका कुजलेल्या प्रेतावर तोंडावर पडला होता. त्या माणसाला सैन्य सोडून खेड्यात राहायला जाणं एवढाच मार्ग उरला. प्रत्येक आठवणीची गोष्ट होतेच असं नाही.

दोरी, फुलं आणि दगड

आजच्या उपचारपद्धतींत हेच तत्त्व अधिक शिस्तीने वापरतात. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत माणूस तो प्रसंग डोळे मिटून वर्तमानकाळात सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो, आणि ध्वनिमुद्रण घरी नेऊन ऐकतो. ऐकायला क्रूर वाटतं. पण दहाव्यांदा सांगताना शरीराला हळूहळू उमगतं की सांगितल्याने काही फुटत नाही, कुणी मरत नाही. आठवण आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्याला माहीत असतं, इथे ते शरीराला शिकवलं जातं.

जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक पद्धत तयार केली. मला ती विशेष आवडते, कारण तिला महागडं काही लागत नाही. जमिनीवर एक दोरी अंथरायची. एक टोक म्हणजे जन्म, पुढे आज. चांगल्या प्रसंगांच्या जागी फुलं ठेवायची आणि वाईट प्रसंगांच्या जागी दगड. मग पहिल्या टोकापासून गोष्ट सुरू करायची. बालपण, आई, शाळा, भरती, पहिली पोस्टिंग असं करत करत दगडापर्यंत यायचं. तिथे थांबायचं, अगदी सावकाश. काय दिसलं, काय वास आला, छातीत काय झालं, तेव्हा काय वाटलं, आत्ता सांगताना काय वाटतंय. आणि दगडाच्या पलीकडे जाऊनच उठायचं, म्हणजे ती रात्र संपून सकाळ होईपर्यंत. ऐकणारा सगळं लिहून घेतो, पुढच्या भेटीत वाचून दाखवतो, सांगणारा दुरुस्त्या करतो. शेवटी ती लिहिलेली जीवनकथा त्याच्या हाती दिली जाते.

उत्तर युगांडात लहानपणी बंडखोरांनी पळवून नेऊन लढायला लावलेल्या तरुणांवर ही पद्धत वापरली गेली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऐकणारे होते तिथलेच साधे लोक, मानसोपचाराची पदवी नसलेले पण नीट प्रशिक्षण घेतलेले. तरीही त्या तरुणांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला.

बोलायचं नसेल तर लिहिणंही चालतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यासोबत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायचं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नाही, उलट उदास वाटलं. पण पुढच्या महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर त्यांनी लिखाणं तपासली तेव्हा दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक “कारण”, “म्हणून”, “आता कळतं” अशा जोडणाऱ्या शब्दांचं प्रमाण वाढत गेलं, त्यांना फायदा जास्त झाला. नुसती भडास काढणाऱ्यांना तेवढा झाला नाही.

“मन मोकळं करा” हा सल्ला अर्धाच का, ते इथे दिसतं. ओतून टाकल्याने जखम भरत नाही. तुकडे जुळवून ते क्रमाने लावल्याने फरक पडतो. आणि ते जुळवायला वेळ लागतो, म्हणून घाई अंगाशी येते. १९८० च्या दशकात एक पद्धत बरीच पसरली होती. आपत्ती घडून एकदोन दिवस होतात न होतात तोच सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि एकाच बैठकीत अनुभव सांगायला लावायचे. पुढे नीट तपासणी झाली तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, आणि काही अभ्यासांत तर त्रास वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटना आता ही पद्धत वापरू नका असंच सांगते. जखम ओली असताना माईक पुढे करणाऱ्या वार्ताहरांनीही हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

खेचराचा किस्सा हीही मेहनतच

आता पुन्हा त्या हसवणाऱ्या किश्शांकडे येऊ. घरच्यांना वाटतं, बाबा खरं सांगायचं टाळतात आणि विनोदावर नेतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही. किस्सा सांगताना सूत्रं सांगणाऱ्याच्या हातात असतात. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, कुणाला हसवायचं हे तो ठरवतो. ज्या आठवणीने त्याला आजवर फरफटत नेलं, तिच्या शेजारून तो आपल्या पायांनी चालतो. खेचर अडलं ती वाट आणि चढाईची वाट एकच असते. दर खेपेला तो त्या वाटेवर थोडा आत जातो आणि परत येतो. शिवाय तो ऐकणाऱ्याला जोखत असतो. खेचरावर हसणारा माणूस पुढचं ऐकून पळेल की बसेल?

म्हणूनच एकच प्रसंग वेगवेगळ्या लोकांसमोर वेगळा होतो. नातवाला सांगताना त्यात खेचर मोठं होतं. बायकोला सांगताना थंडी आणि जेवण येतं. मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत जुना बडी, म्हणजे पलटणीतला जोडीदार, भेटला की पोस्टचं नुसतं नाव निघतं, दोघं मान डोलावतात आणि गोष्ट सांगून झालेली असते. यातली कुठलीही आवृत्ती खोटी नाही.

नोकरीत असताना तर गप्प राहणं हा नियमच असतो. कारवाईचे तपशील बाहेर सांगता येत नाहीत. त्या नियमामागे माणूस स्वतःलाही लपवू शकतो, आणि पेन्शनवर आल्यावर अचानक तो आडोसा जातो. कित्येकांचा त्रास निवृत्तीनंतर वर येतो तो यामुळेही असावा. दिवस रिकामा, वर्दी नाही, शेजारी बडी नाही.

मेलेला जवान ड्यूटीवर

सैन्य स्वतःही गोष्टी सांगतं. कामठीत दाखल होणाऱ्या प्रत्येक रंगरुटाला लान्स नायक अल्बर्ट एक्का यांची गोष्ट सांगितली जाते. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची चौदावी पलटण (१४ गार्ड्स), डिसेंबर १९७१, आगरतळ्याजवळचं गंगासागर. बंकरमधल्या मशीनगनवर चाल करून ती बंद पाडली, जखमी अवस्थेत पुढे जात राहिले, दुमजली इमारतीतल्या दुसऱ्या मशीनगनवर ग्रेनेड टाकून आत शिरले आणि तीही गप्प केली. मरणोत्तर परमवीरचक्र. ही गोष्ट ताठ उभी राहते, पोवाड्यासारखी. तिचं काम वेगळं आहे: मागे राहिलेल्यांना सांगणं की हे व्यर्थ गेलं नाही. पण सन्मानपत्रात वास नसतो. त्या रात्री तिथे असलेल्या इतर माणसांच्या डोक्यात जे राहिलं असेल, त्याला या गोष्टीत जागा नाही, आणि असूही शकत नाही. कधी कधी तर भव्य गोष्टच अडचण होते. गावात सत्कार झाल्यावर, हार घातल्यावर, “मला त्या रात्री भीती वाटली होती” हे वाक्य कोण बोलणार?

याहून वेगळ्या गोष्टी जवानांनी स्वतः रचल्या आहेत, आणि त्या माझ्या मते मानसशास्त्राच्या कुठल्याही प्रकरणाइतक्या खोल आहेत. सिक्कीममध्ये चीनच्या सीमेवरच्या नथुला खिंडीजवळ बाबा हरभजनसिंग यांचं मंदिर आहे. पंजाब रेजिमेंटचा हा तरुण जवान १९६८ साली तिथे मरण पावला. त्या भागातले जवान सांगतात की तो अजून पहारा देतो, शत्रूच्या हालचालींची स्वप्नात सूचना देतो. त्याचा गणवेश तयार ठेवला जातो, अंथरूण घातलं जातं. कित्येक वर्षं त्याला वार्षिक सुट्टी मिळत होती आणि पंजाबातल्या घरी जाण्यासाठी रेल्वेत जागाही राखली जात होती. सियाचीनला असाच एक मेलेला जवान ओपी बाबा म्हणून पुजला जातो. वर पोस्टवर जाण्याआधी जवान त्याला रीतसर रिपोर्ट देतात, खाली आल्यावर परत देतात. अरुणाचलात जसवंतगडला १९६२ च्या युद्धातल्या जसवंतसिंग रावत यांचे बूट आजही पॉलिश होतात.

याला अंधश्रद्धा म्हणून हात झटकता येतील. पण मेलेल्या सोबत्याचं काय करायचं हा प्रश्न तिथे रोजचा असतो, आणि उंचावर शोक करायला सवड नसते. ही गोष्ट त्याला पलटणीतून कमी होऊ देत नाही. त्याला हुद्दा आहे, सुट्टी आहे, कामही आहे. पूर्वी मानसशास्त्र सांगे की गेलेल्याशी नातं तोडल्याशिवाय शोक संपत नाही. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी उलट मांडलं: मृताशी नातं चालू ठेवूनही माणूस नीट सावरू शकतो, फक्त त्या नात्याला नवं रूप द्यावं लागतं. नथुलाच्या जवानांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

जुन्या कथाही अशाच कामी येतात. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. फ्रान्सहून त्यांनी घरी पाठवलेली पत्रं ब्रिटिश सेन्सॉर वाचत आणि उतारे काढून ठेवत, त्यामुळे ती आज वाचायला मिळतात. १९१५ मध्ये इंग्लंडच्या रुग्णालयातून एका जखमी रजपुताने कळवलं की हे युद्ध नाही, जगाचा अंत चालला आहे, महाभारतात सांगितलं आहे तसं. जे डोळ्यांत मावत नव्हतं ते ठेवायला त्याला महाभारताएवढंच मोठं भांडं सापडलं. काहींनी सेन्सॉरला चकवायला मिरीची गोष्ट केली: काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरी वापरतात. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरे.

युधिष्ठिराचं दुखणं

काही सैनिकांना भीती छळत नाही. त्यांना छळतं ते आपण केलेलं, किंवा करायला हवं होतं आणि केलं नाही ते. मागे राहिलेला जखमी सोबती. चुकीच्या घरावर झालेला गोळीबार. “माझ्या जागी तो गेला.” अमेरिकेत व्हिएतनामच्या सैनिकांबरोबर काम करणाऱ्या जोनाथन शे यांनी याला नैतिक जखम म्हटलं, आणि ती पीटीएसडीपेक्षा निराळी आहे हे आता बरेच तज्ज्ञ मानतात. भीतीवर दहादा सांगण्याचा उपाय चालतो. अपराधीपणावर तो तसाच चालेल असं नाही.

आपल्याकडे हे दुखणं शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच आहे. युद्ध जिंकलं, मृतांना तर्पण झालं, आणि कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर युधिष्ठिर नारदाला म्हणतो की हा विजय मला पराजयासारखा वाटतो. तो राज्य सोडून वनात जायला निघतो. भाऊ त्याला समजावतात. अर्जुन राजधर्म सांगतो, भीम चिडतो, द्रौपदी सुनावते. सगळ्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एकच: तुझं काही चुकलं नाही, तू कर्तव्य केलंस. आणि त्याने काहीही होत नाही! आपल्या घरांतही हेच घडतं. “तुम्ही तर ड्यूटी केली, बाबा.” हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी ते विषय बंद करतं.

शेवटी त्याला भीष्मांकडे नेलं जातं. भीष्म म्हणजे त्याच युद्धात, याच पांडवांच्या बाणांनी घायाळ होऊन पडलेला वृद्ध योद्धा. ते त्याला निर्दोष ठरवण्याची घाई करत नाहीत. त्याचे प्रश्न ऐकतात आणि गोष्टी सांगतात, एकामागून एक, शेकडो. आजच्या एका उपचारपद्धतीत सैनिकाला अशीच कल्पना करायला सांगतात: ज्याच्या न्यायबुद्धीवर तुझा विश्वास आहे आणि ज्याची तुझ्यावर माया आहे, अशा वडीलधाऱ्यासमोर तू हे सांगतो आहेस. किंवा थेट त्या मेलेल्या सोबत्याशी बोल, आणि तो काय म्हणेल तेही तूच बोल. ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी ती मरीन सैनिकांसाठी तयार केली.

यातच एक गोष्ट आपल्याला फारशी दिसत नाही. शहीद जवानाचं पार्थिव गावी येतं तेव्हा पलटणीतली माणसं सोबत येतात. आई विचारते, त्याला त्रास झाला का? तो सोबती म्हणतो, नाही माई, लगेच गेला. कधी ते खरं असतं, कधी नसतं. आईला जगता यावं म्हणून त्याने एक गोष्ट रचून दिलेली असते, आणि वगळलेला भाग तो आपल्याबरोबर परत घेऊन जातो. तो भाग ऐकायला नंतर कुणीतरी लागतं.

ऐकणाऱ्याने काय करावं

घरातल्या माणसाने डॉक्टर होऊ नये. विचारून, खोदून, “नक्की किती मारले?” असले प्रश्न करून काही मिळत नाही. हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत लोक सहज विचारतात, ते लाजिरवाणं आहे. तोच किस्सा विसाव्यांदा आला तरी “हे सांगून झालं, बाबा” म्हणू नका. कधी तरी त्यात एक नवा तपशील येतो, एखादं नाव, एखादा वास, आणि तिथे ऐकणारा मोबाइलमध्ये असेल तर तो तपशील परत येईलच असं नाही. बोलणं थांबलं तर थांबू द्यावं. ऐकणाऱ्याने रडून सांगणाऱ्यावर त्याची समजूत काढायची पाळी आणू नये. ऐकणं जड झालं तर तसं सांगावं आणि उद्या बसू म्हणावं.

सगळ्यांत चांगला श्रोता बऱ्याचदा घराबाहेर सापडतो. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला सकाळी फिरून झाल्यावर चहावर जमणारी निवृत्तांची टोळी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, पलटणीचा बॅटल ऑनर डे, कुणाच्या मुलीच्या लग्नात भेटलेले जुने सोबती. बाबा तिथे चार तास घालवतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी जरा थांबावं.

मात्र काही खुणा दिसल्या की गोष्टींवर भिस्त ठेवू नये. रोजची वाईट स्वप्नं, महिनोन्‌महिने तुटलेली झोप, वाढत गेलेली दारू, घरात मारहाणीपर्यंत जाणारा राग, माणसांत येणंच बंद होणं, “माझं आता काय उरलंय” अशी भाषा. अशा वेळी प्रशिक्षित माणूस हवा. नागपुरात मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवलं जातं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा आणि माणसाला एकटं सोडू नये.

दवाखान्यात जाण्यात बरेच जण कचरतात त्याचं कारण जुनं आहे. नोकरीत असताना मानसोपचाराचा कागद झाला की मेडिकल कॅटेगरी (सेवेसाठीची आरोग्यश्रेणी) खाली जाईल, बढती अडेल ही धास्ती असते, आणि ती सवय अंगात मुरते. पेन्शनवर आलेल्या माणसाला ती बाळगण्याचं कारण उरत नाही. निवृत्तीनंतर घेतलेल्या उपचारांमुळे पेन्शन कापली जात नाही, हे त्याला घरच्या कुणीतरी एकदा स्पष्ट सांगावं.